पंधरावा रुग्ण

कागद एकूण बावीस पानांचे होते. सर्जनबाई ते टेबलावर ठेवून गेल्याला तास होऊन गेला होता, पण थोरल्या सुनेखेरीज त्यांना कोणी हात लावला नव्हता.

नातेवाइकांची ती खोली तिसऱ्या मजल्यावर होती. भिंतीला लावलेल्या सहा खुर्च्या, मधे एक बुटकं टेबल आणि कोपऱ्यात पाण्याचं यंत्र. त्याच्या पोटात मधूनच गुरगुर व्हायची. खिडकीची काच एका बाजूला तडकलेली होती आणि कुणीतरी तिच्यावर चिकटपट्टी मारली होती. अण्णा सकाळपासून त्या पट्टीकडे बघत बसले होते. पन्नास वर्षं काच कापलेला माणूस. एरवी त्यांनी एव्हाना खिशातून टेप काढून माप घेतलं असतं.

अण्णांचा थोरला मुलगा, दादा, पडला त्याला आज तिसरा दिवस. चौथ्या मजल्यावर काच बसवताना तो परांचीवरून घसरला आणि खालच्या छज्ज्यावर पाठीवर आपटला. छातीच्या खालचा एक मणका मोडला होता, आतला मज्जारज्जू चेमटला होता. बेंबीच्या खाली त्याला काही कळत नव्हतं. शुद्धीवर होता, बोलत होता, भूक लागली म्हणत होता. पाय कधी हलणार असं त्याने विचारलं, की अण्णांनी ठरवून दिलेलं उत्तर सगळे द्यायचे: सूज उतरू दे.

सर्जनबाईंनी सकाळी घरच्यांना खरं ते सांगितलं होतं. मणका सळ्या घालून बसवावा लागणारच होता, उद्या सकाळी. त्याच वेळी मज्जारज्जूला जिथे इजा झाली तिथे एक छोटासा मऊ तुकडा बसवता येईल, मज्जातंतूंना पुन्हा वाढायला मदत व्हावी म्हणून. अजून अभ्यास चालू आहे, खात्री कशाचीच नाही. पण इजेनंतर चार दिवसांच्या आत बसवला तरच. "सही त्यांचीच लागेल, आज पाचपर्यंत," त्या म्हणाल्या होत्या. "पण आधी तुम्ही नीट वाचा. आणि शेवटच्या पानांवर त्यांच्या तब्येतीची माहिती भरा."

वाचणं हे थोरल्या सुनेचं कामच होतं. विमा कंपनीत ती दावे तपासायची. लोकांची खरी-खोटी दुखणी कागदावर पारखण्यात तिची तेरा वर्षं गेली होती. कुठला माणूस लंगडतो आणि कुठला फक्त साहेबाच्या दारापाशी लंगडतो, हे तिला अक्षरावरून कळतं, असं कचेरीत म्हणत.

"गेल्या दोन वर्षांत रक्तदाब? मधुमेह?" तिने मोठ्याने विचारलं.

"नाही गं," आत्याबाई म्हणाल्या. अण्णांची ही थोरली बहीण. ती बोलली की घरातल्यांनी मान डोलवायची असा रिवाजच होता. "घोड्यासारखी तब्येत. शिंकसुद्धा विचारून द्यायचा."

"भोवळ, फिट, अचानक शुद्ध हरपणं?"

"छे!"

तिने 'नाही'च्या चौकोनात खूण केली. तेवढ्यात धाकटा दीर उठला, यंत्रापाशी गेला आणि पेला भरून घेतला. भरला, पण प्यायला नाही. पेला हातात धरून तो खिडकीबाहेर बघत राहिला.

तिने ते पाहिलं. परवापासून ती त्याच्याकडे तशीही बघतच होती. परांची तपासायचं काम त्याचं. पडल्यावर पाहणी झाली तेव्हा तिसऱ्या थराचा, पाइप जोडणारा एक क्लॅम्प ढिला सापडला होता, आणि कोणी काही विचारायच्या आधीच हा म्हणाला होता, "चूक माझी. मीच तपासला होता."

"चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्यात," आत्याबाई तेव्हा तिच्या कानाशी लागल्या होत्या. "पण न विचारता चोरी कबूल करणारा हा पहिलाच."

तेच तिच्याही मनात घोळत होतं. इतक्या चटकन कबूल होणारे दावे ती नेहमी दुसऱ्यांदा वाचायची.

ती पानं उलटत गेली. सतराव्या पानावर अभ्यास करणाऱ्यांची यादी होती, बारीक अक्षरात. चौथ्या ओळीवर तिचं बोट थांबलं. मग तिने मान वर केली.

"बेबी," ती म्हणाली, "तू तर भाजलेल्या लोकांसाठी कातडी बनवतेस ना?"

*

बेबी अडतीस वर्षांची होती, तिच्या हाताखाली सहा माणसं होती, आणि तरी या घरात ती बेबीच होती. दोन्ही भावांच्या पाठची. वहिनीने पान फिरवून तिच्यासमोर धरलं, तेव्हा तिला शाळेत चिठ्ठी पकडली गेल्यासारखं वाटलं.

"आधी आम्ही कातडी बनवायचो," ती म्हणाली. "पाच वर्षांपासून हे."

"आणि हे तू आम्हाला कधी सांगणार होतीस?"

"मला सांगायची परवानगी नाही. माझाच भाऊ आहे म्हणून. लॅबमध्ये लिहून दिलंय मी, की या रुग्णाच्या बाबतीत एक शब्द बोलणार नाही. माझ्या बोलण्याने कोणी भरीला पडायला नको म्हणून नियम आहे तो."

"काय नियम पण! परक्याला सांगायचं आणि घरच्यांपासून लपवायचं?" आत्याबाई म्हणाल्या. "अण्णा, ऐकतोयस ना? तुझी लेक बनवते, आणि तुझ्या लेकाच्या पाठीत घालायचंय."

अण्णांनी पट्टीवरची नजर काढली. "काय आहे ते? नीट सांग. मला कळेल असं."

बेबीने दोन बोटांत जरासं अंतर ठेवून दाखवलं. "एवढासा तुकडा. भाताच्या दोन शितांएवढा. स्पंजसारखा, आत बारीक बारीक वाटा असलेला. मज्जारज्जू चेमटला की मधे पोकळी होते, आणि शरीर ती पोकळी व्रणाने भरून टाकतं. एकदा व्रण कडक झाला की तंतूंना पलीकडे जायला वाटच उरत नाही. हा तुकडा ती जागा धरून ठेवतो. पेशी त्याच्यावर चढतात, तंतू त्याच्या आधाराने सरकू शकतात. नंतर तो आपोआप विरघळून जातो. इमारत उभी राहीपर्यंत परांची बांधतात ना, तसं."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, दुसरा कुठला तरी शब्द सापडायला हवा होता.

"परांचीवरून पडलेल्या माणसाच्या पाठीत परांची," आत्याबाई म्हणाल्या. "वा."

वहिनीने पान पालटलं. "किती जणांना बसवलाय?"

"चौदा."

"चालतात किती?"

"एक बाई. आधाराने उभी राहते, चार पावलं टाकते. पाच जणांची जाणीव थोडी खाली सरकली, म्हणजे आधी जिथपर्यंत कळायचं त्याच्या खाली कळायला लागलं. सात जणांत काही फरक नाही. एकाला जखमेतून पाणी झिरपून ताप आला, तीन आठवडे वाईट गेले. वाचला तो."

"हे सगळं लिहिलंय इथे."

"हो. खोटं काही लिहिलेलं नाही."

"मग खरं काय लिहिलेलं नाही ते सांग."

वहिनीचा आवाज चढला नव्हता. कचेरीतही ती अशीच बोलत असणार, बेबीच्या मनात आलं. समोरचा माणूस आपणहून सगळं ओतेपर्यंत अशी शांत.

"या हॉस्पिटलमधून अभ्यासात अजून एकही रुग्ण घेतलेला नव्हता," बेबी म्हणाली. "दादा पडला त्या दुपारी मी सर्जनबाईंना फोन केला. म्हटलं, तुमच्याकडे एक जण आलाय, बघा बसतो का. तेव्हा लिहून दिलं नव्हतं मी. दुसऱ्या दिवशी दिलं."

"आणि?"

बेबीला नको असलेला प्रश्न हाच होता. "पंधरावा रुग्ण महिनाअखेरपर्यंत मिळाला नाही, तर अभ्यास बंद होणार आहे."

धाकटा भाऊ एवढा वेळ तिच्या बाजूने उभा होता. सकाळपासून 'करून टाकू, काय जातंय' असा त्याचा धोशा चालला होता. त्याने पेला यंत्रावर ठेवला. अण्णा तिच्याकडे असं बघत होते, जणू काचेत चीर आहे की नुसता ओरखडा ते ठरवत असावेत.

"म्हणजे तुला भाऊ बरा व्हायला पाहिजे," वहिनी म्हणाली, "की पंधरावा पाहिजे?"

फोन केला त्या दुपारचा स्वतःचाच आवाज बेबीला आठवला. आधी 'माझा भाऊ' म्हटलं होतं की आधी 'एक केस'? तिला आठवेना.

"दोन्ही," ती म्हणाली. "कुठलं किती, मला माहीत नाही."

"निदान हे तरी खरं बोललीस," आत्याबाई म्हणाल्या आणि उठून तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. सकाळपासून त्या सुनेच्या बाजूला होत्या.

*

धाकटा जिन्यात येऊन बसला. लिफ्टमध्ये माणसं भेटतात, विचारतात. जिन्यात फक्त साफसफाईवाली होती आणि तिला पायरी मोकळी करून दिली की तिचं काम झालं.

'नाही'च्या चौकोनातली ती खूण त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हती.

पहिल्यांदा झालं ते आठ महिन्यांपूर्वी, घरच्या काचेच्या कारखान्यात. दादा काचेची कड घासत होता. घासणीवर पाण्याची धार चालू होती. मधेच त्याचा हात थांबला, मान खाली गेली, आणि तो चक्क टेबलावर झोपल्यासारखा आडवा झाला. धाकट्याने धावत जाऊन यंत्र बंद केलं. पाच-सात सेकंद. मग दादाने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलला ते, "काच फुटली का?"

दुसऱ्यांदा जिन्यात. तिसऱ्यांदा गाडीत, नशिबाने गाडी उभी होती. प्रत्येक वेळी धाकटा म्हणायचा, डॉक्टरला दाखव. प्रत्येक वेळी दादा म्हणायचा, दाखवलं की उंचीवर जायचं बंद. "मग मी काय करू? खाली बसून पुट्टी मळू? आधी हातातलं काम संपू दे. आणि तुझ्या वहिनीला कळलं ना, तर मला घरात पलंगाला बांधून ठेवील. शप्पथ घे." त्याने घेतली होती.

परवा काय झालं ते त्याने स्वतः पाहिलं होतं. दादाने सुरक्षेच्या पट्ट्याचा आकडा एका पाइपवरून काढला, दुसऱ्यावर लावायला हात पुढे केला, आणि तो हात तसाच हवेत राहिला. मान खाली. क्लॅम्प ढिला होता हे खरं, पण तो दहा-बारा फूट पलीकडे होता. त्याचा काही संबंध नव्हता. क्लॅम्पचं नाव पुढे केलं की कोणी दुसरं काही विचारत नाही, एवढंच धाकट्याला त्या क्षणी सुचलं होतं. भावाला दिलेला शब्द राहील, दोष आपल्यावर येईल. दोष आपल्यावर यायलाच हवा होता. आठ महिने गप्प बसलेला तोच होता.

पण उद्या सकाळी भूल देणार. सहा तास पालथं झोपवणार. आणि कागदावर 'नाही' लिहिलेलं.

तो उठला आणि वॉर्डात गेला.

दादाच्या पलंगाला तीन बाजूंनी पडदा होता. पायाकडचं पांघरूण इतकं सरळ होतं की खाली पाय नसावेतच.

"आलास?" दादा म्हणाला. "बाकीचे कुठे? भांडतायत?"

"दादा, सूज उतरल्यावर पाय हलणार नाहीत."

दादा छताकडे बघत राहिला. "माहितीय."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पायाकडे न बघता सगळे बोलतात माझ्याशी. अण्णा तर पडद्याच्या कड्या मोजतात." त्याने नजर छतावरून खाली आणली. "तू कशाला आलायस?"

"तुला शब्द दिला होता."

"दिला होतास."

"मोडणारे. तुला न सांगता मोडायचा नव्हता, म्हणून आलो."

दादाने मान वळवली. तेवढंच त्याला वळवता येत होतं. "गाढवा, आता काय उपयोग? ते कागद आलेत ना काहीतरी? सर्जनबाई तेवढंच बोलल्या मला, नवा इलाज आहे म्हणून. त्यात असलं काही सांगितलं तर काढून टाकतील बाहेर. होती नव्हती ती आशा पण जाईल. आता गप्प राहा. एवढे दिवस राहिलास ना?"

"आणि उद्या भुलेत तुझी मान खाली गेली तर? तेव्हा तुला सावरायला मी कुठे असणार?"

पडद्याची कडी सरकल्याचा आवाज झाला. थोरली सून आत आली. हातात कागद होते. ती किती वेळ बाहेर उभी होती ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"किती वेळा?" तिने विचारलं.

"तीनदा," दादा म्हणाला.

"चार," धाकटा म्हणाला. "परवाची धरून."

तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. धाकट्याला वाटलं, आता ही ओरडेल. तिने पलंगाच्या कडेवर कागद ठेवले, 'नाही'वरची खूण आडव्या रेघेने खोडली, 'हो'वर केली आणि शेजारी छोटी सही ठोकली. कचेरीतली सवय.

"वहिनी, क्लॅम्पचं..."

"कळलं मला ते, भाऊजी. तुमच्याशी नंतर बोलीन." ती नवऱ्याकडे वळली. "मी सकाळपासून तुमच्या बहिणीवर संशय घेतला. तुमच्या भावावर घेतला. सर्जनबाईंवर घेतला. ज्याच्यावर घ्यायला हवा होता, त्याच्याच उशाशी रोज झोपत होते."

दादाने डोळे मिटले. "बांधून ठेवलं असतंस मला."

"हो," ती म्हणाली. "ठेवलं असतं." आणि सर्जनबाईंना शोधायला निघून गेली.

*

पुढचे चार तास अण्णांना तुकड्यातुकड्यांत आठवत राहिले. दोन नवे डॉक्टर आले. दादाच्या छातीवर तारा चिकटवल्या. यंत्रातून कागदाची पट्टी निघत होती, तिच्यावर डोंगर-दऱ्या, आणि एका ठिकाणी नुसती सरळ रेघ. त्या वेळी दादा बोलता बोलता अर्ध्या वाक्यात थांबला होता.

"साडेपाच सेकंद," सर्जनबाई पट्टी हातात धरून म्हणाल्या. "एवढा वेळ हृदय थांबलं होतं. हे माहीत नसताना मी त्यांना उद्या टेबलावर घेतलं असतं, तर..."

उपाय होता. आधी हृदयाला ठोके देणारी तात्पुरती तार घालायची, मग मणक्याचं ऑपरेशन, आणि नंतर छातीत कायमचं यंत्र. एवढं अण्णांना समजलं. समजलं नाही ते पुढचं. सर्जनबाईंनी अभ्यासाच्या समितीला फोन लावला, बराच वेळ बोलल्या, आणि परत येऊन म्हणाल्या, "कारण न कळलेली भोवळ असली तर रुग्ण घेता येत नाही. इथे कारण कळलंय आणि इलाजही होणार आहे. समितीची हरकत नाही."

"म्हणजे खोटं लिहिलं असतं तरी घेणार होता, आणि खरं लिहिलं तरी घेणार," अण्णा म्हणाले. "तुम्हाला माणूस पाहिजेच आहे."

सर्जनबाईंनी रागावून पाहिलं नाही. "पाहिजे आहे. पण तुमचा मुलगाच पाहिजे असं नाही. त्यांनी नको म्हटलं तर मी मणका तेवढ्याच काळजीने बसवीन. पाच वाजायला चाळीस मिनिटं आहेत."

सगळे पलंगाभोवती उभे राहिले. पडद्याच्या आत एवढी माणसं मावत नव्हती. आत्याबाईंचा अर्धा देह बाहेर होता. अण्णांनी कड्या मोजल्या नाहीत. मुलाच्या पायांकडे पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"चुकलो मी," ते म्हणाले. "तुला सांगू नका म्हणालो."

"असू दे, अण्णा. मी तरी तुम्हाला काय सांगत होतो?" दादाने बहिणीला हाक मारली. "बेबी, इकडे ये. तू असतीस इथे तर?"

"मला नको विचारूस. मी बनवणारी आहे. बनवणाऱ्याला विचारायचं नसतं."

"काच चांगली आहे का हे मी काचवाल्यालाच विचारतो."

"आणि तो काय सांगतो?"

"चांगलीच आहे म्हणून."

"म्हणूनच." ती पलंगाजवळ सरकली. "दादा, तुझे पाय चालतील असं मी म्हणणार नाही. बहुधा नाही चालणार. काही फायदा झालाच, तर तो एवढासा असेल की परक्याला दिसणारसुद्धा नाही. त्रास मात्र होऊ शकतो."

"मग कोणी कशाला करावं?"

"जी बाई चार पावलं टाकते ना, तिलाही आम्ही हेच सांगितलं होतं."

दादाने बायकोकडे पाहिलं. अण्णांना वाटलं, हा आता 'तू सांग' म्हणणार. आयुष्यभर मोठ्या गोष्टी त्याने अशाच दुसऱ्यावर ढकलल्या होत्या, आधी आईवर, मग बायकोवर. पण तो तसं म्हणाला नाही.

"पेन दे," तो म्हणाला. "आणि एक ऐका सगळ्यांनी. यापुढे माझ्याविषयी जे बोलायचं ते माझ्यासमोर. बाहेरच्या खोलीत नाही."

"हे कोण सांगतंय बघा," पडद्याबाहेरून आत्याबाईंचा आवाज आला.

सही वाकडी आली. आडवं पडून सही करायची त्याला सवय नव्हती.

*

चार महिन्यांनी एका रविवारी दुपारी थोरल्या सुनेने खोलीचं दार आतून लावलं.

घरात सगळं खाली सरकलं होतं. दिव्यांची बटणं, कपड्यांच्या खुंट्या, आरसा. कारखान्यात धाकट्याने कापायच्या टेबलाचे पाय वीतभर कापले होते, चाकाच्या खुर्चीत बसून हात पोचावा म्हणून, आणि दादा आठवड्यातून तीन दिवस तिथे बसून हिरकणीने काच कापायचा. छातीतलं यंत्र आपलं काम चोख करत होतं. पाय जसेच्या तसे होते.

पण महिन्याभरापासून तो म्हणत होता, बेंबीच्या खाली काहीतरी कळतं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने तपासून वहीत लिहिलं. बेबीला फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, "हे त्या तुकड्यामुळेच असं समजू नका. काही जणांत एवढं आपोआपही होतं." तिच्या आवाजातला आनंद मात्र लपत नव्हता.

सुनेला तोच आनंद टोचत होता. बेबीचा फोन येणार असला की दादाला हमखास जास्त कळायचं. अण्णा जवळ बसले की आणखी एक बोट खाली कळायचं. याच माणसाने आठ महिने हृदय थांबत असताना 'मी ठीक आहे' म्हटलं होतं, तिच्या डोळ्यांत बघून. लोकांना बरं वाटावं म्हणून हा काहीही सांगेल. कुठल्याही दाव्याला एवढा पूर्वेतिहास जोडलेला असता, तर तिने तो बाजूला काढून ठेवला असता.

"काय चाललंय?" तो पलंगावरून म्हणाला. "दार का लावलंस?"

"तपासायचंय मला. डोळे झाका."

"ती मुलगी करते ना."

"ती करते. मी नाही केलेलं."

त्याने तिच्याकडे जरा पाहिलं आणि कुरकुर न करता मान टेकली. तिने त्याच्या डोळ्यांवर टॉवेल टाकला, सदरा वर केला आणि केसातली पिन काढली. खिडकीतून आलेलं ऊन त्याच्या पोटावर पडलं होतं. तीन दिवस दाढी न केलेल्या हनुवटीखालची शीर उडत होती, संथ, मोजल्यासारखी.

तिने बेंबीच्या वर पिन टेकवली. "आता?"

"हो."

बेंबीखाली दोन बोटं. "आता?"

"हो. पण टोचल्यासारखं नाही. कोणीतरी भिंतीपलीकडून ठोकतंय तसं."

आणखी दोन बोटं खाली. "आता?"

"हो."

आणखी खाली. "आता?"

"नाही."

इथवर वहीत लिहिलं होतं तसंच होतं. ठरलेल्या क्रमाने वरून खाली टोचत गेलं की कोणालाही अंदाज बांधता येतो. तिने पिन उचलली आणि त्याच्या पोटापासून वीतभर वर, हवेत धरली. श्वास रोखला.

"आता?" तिने विचारलं.

तो गप्प.

"आता? चांगली जोरात टोचलीय."

टॉवेलच्या वर त्याच्या कपाळाला आठी पडल्याचं तिला दिसलं. ओठ हलले, थांबले. ती वाट बघत राहिली. 'हो' येणार, तिला माहीत होतं. खोट्या दाव्यांत या जागी 'हो' येतो, बारीक आवाजात, पाठोपाठ लगेच 'थोडंसं' असतं.

"कुठे?" तो म्हणाला. "अजून टोचलंच नाहीस तू."

ती पिन हवेतच धरून राहिली.

"काय झालं? चुकलं का?"

"नाही," ती म्हणाली. मग तिने पिन पुन्हा टेकवली, या वेळी खरोखर.